कोपऱ्यातल्या कोठीचा दिवा

धान्याला कीड लागू नये म्हणून त्या कोठारातल्या कोठ्या पाळीपाळीने बंद करतात, दारंखिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बुजवतात आणि आत विषारी गॅस सोडतात. तिथले लोक याला धुरी म्हणतात. काही दिवस कोठी तशीच ठेवतात आणि मग मोठे पंखे लावून गॅस बाहेर खेचतात. किती निघाला आणि किती उरला हे नाकाला नीट कळत नाही. लसणासारखा वास येतो म्हणतात, पण वर्षानुवर्षं तिथे काम करणाऱ्यांना तो वास येईनासा झालेला असतो. म्हणून प्रत्येक कोठीत गॅस मोजणारी तीन यंत्रं बसवलेली आहेत. एक दाराशी, एक मधोमध आणि एक वर, छताजवळच्या लोखंडी सज्जावर. तिन्हींचे आकडे आवाराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या संगणकाच्या खोलीत जातात. तिथला प्रोग्राम ते मर्यादेशी ताडून बघतो आणि तिन्ही आकडे मर्यादेखाली असतील तर दारावरचा दिवा हिरवा करतो. तोवर दिवा लाल राहतो आणि कुलूप निघत नाही.

दिवा हिरवा झाला की सगळ्यांत आधी एकच माणूस आत जातो. त्याने शिडी चढून सज्जावर जायचं, वरच्या झडपा हाताने उघडायच्या आणि खाली येऊन मुकादमाला हात करायचा. मग टोळी आत शिरते आणि पोती निघू लागतात. दिवसपाळीला हे काम मामा करायचे.

ते खरे मामा होते फक्त संगणकाच्या खोलीतल्या मुलीचे. पण तिला नोकरी त्यांच्या ओळखीने लागली आणि पहिल्याच दिवशी ती त्यांना मोठ्याने "मामा" अशी हाक मारत आवारात शिरली, त्यामुळे ते सगळ्यांचेच मामा झाले आणि ती सगळ्यांची भाची. मुकादम तिला भाची म्हणायचा, हमाल भाची म्हणायचे, फाटकावरचा पहारेकरीसुद्धा. मॅनेजर खुशीत असले तर भाची म्हणायचे आणि रागात असले तर मॅडम.

वडील गेल्यापासून ती मामांच्याच घरी वाढली होती. मामीला नवऱ्याचं हे काम कधीच आवडलं नाही. जगात एवढी कामं असताना विषाच्या खोलीत पहिलं पाऊल आपल्याच माणसाने का टाकायचं, हा तिचा प्रश्न होता आणि तो ती दर महिन्याला नव्याने विचारायची. भाची संगणकाच्या खोलीत लागली तेव्हापासून तो बंद झाला. दिवा आता घरचा आहे, असं ती शेजारणींना सांगायची. मामा त्यावर म्हणायचे की दिवा घरचा असला तरी वीज सरकारी आहे, उगाच फुशारक्या मारू नकोस.

दिवे चालवणारा प्रोग्राम भाचीने लिहिलेला नव्हता. तो तिच्या आधीच्या माणसाने लिहिला होता आणि तो माणूस नोकरी सोडून परदेशी गेला होता. प्रोग्राम संगणकाच्या ज्या भाषेत होता तिचं ते व्हर्जन फार जुनं होतं. ते बनवणाऱ्यांनीच त्यातल्या चुका दुरुस्त करणं केव्हाच थांबवलं होतं. त्या वर्षी विमा कंपनीचा तपासनीस आला, त्याने संगणकाच्या खोलीत दोन प्रश्न विचारले आणि जाताना सांगून गेला की भाषेचं नवं व्हर्जन बसवल्याशिवाय कोठाराचा विमा पुढे चालू राहणार नाही.

मॅनेजरना वाटलं, एक बटण दाबायचं काम आहे. भाचीने त्यांना समजावलं की तो संगणक सुरक्षेच्या नियमामुळे बाहेरच्या कुठल्याही जाळ्याला जोडलेला नाही आणि तो इतका जुना आहे की त्याच्यासाठी नव्या व्हर्जनचं तयार पॅकेज मिळतच नाही. म्हणजे भाषेचा मूळ सोर्स कोड पेनड्राइव्हवर आणायचा आणि त्याच संगणकावर कंपाइल करायचा. भाषाच आधी घडवून घ्यायची आणि मग तिच्यात बोलायचं. मॅनेजरनी विचारलं, खर्च किती. ती म्हणाली, खर्च नाही, वेळ लागेल; जुनंही बाजूला राहील, गरज पडली तर एका मिनिटात त्यावर परत येता येईल. मग करा, असं म्हणून ते उठले.

तिने घाई केली नाही. सोर्स घरच्या संगणकावर उतरवून घेतला, तो वाटेत बदललेला किंवा खराब झालेला नाही हे पडताळलं आणि मग आवारात आणला. फोल्डर उघडून पहिली कमांड दिली. संगणक आपल्याकडे काय आहे आणि काय नाही याची चौकशी करू लागला आणि पडद्यावर ओळी सरकू लागल्या. दोन गोष्टी नव्हत्या. त्याही तिने सोर्सवरूनच बांधल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कंपाइल सुरू झालं तेव्हा जुन्या संगणकाचा पंखा असा घरघरला की शेजारच्या खोलीतला कारकून बघायला आला.

दुपारच्या चहाला मामा डोकावले. स्टुलावर बसून ते पडद्याकडे बघत राहिले. भात शिजतोय की करपतोय, हे कसं ओळखायचं, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, मधल्या ओळींकडे बघायचंच नाही, थांबलं की का थांबलं ते बघायचं.

"आणि जुनं? ते भंगारात का?"

"जुनं राहणार. नवं वेगळ्या फोल्डरमध्ये बसवतेय. मध्ये एक लिंक आहे, ती ज्याच्याकडे वळवू ते चालेल. नव्याने दगा दिला तर लिंक फिरवायची, एका मिनिटात परत जुनं."

"म्हणजे नवी सून घरात आली तरी सासूने चाव्या सोडायच्या नाहीत."

ती हसली. तिच्या धंद्यातली ही सगळ्यांत जुनी शिस्त होती. नवं सिद्ध होईपर्यंत जुन्याला हात लावायचा नाही. ती या शिस्तीत तयार झाली होती आणि तिला तिचा अभिमान होता.

कंपाइल संपलं. भाषेबरोबर तिच्या स्वतःच्या चाचण्या येतात, त्याही तिने पूर्ण चालवल्या. अनेक जण त्या टाळतात, कारण त्यांना वेळ लागतो. सगळ्या पास झाल्या. मग तिने प्रोग्राममधल्या, नव्या व्हर्जनला न चालणाऱ्या ओळी सुधारल्या आणि बरेच दिवस दोन्ही व्हर्जन शेजारी शेजारी चालवली. दिवे जुनंच चालवत होतं. नवं फक्त आकडे वाचून आपलं उत्तर एका फाइलमध्ये लिहीत होतं. रोज सकाळी ती दोन्ही उत्तरं ताडून बघायची. जुनं लाल म्हणालं तिथे नवंही लाल म्हणत होतं. जुनं हिरवं म्हणालं तिथे नवंही हिरवं. एकही फरक सापडला नाही. त्या दिवसांत कोपऱ्यातली कोठी धुरीखाली होती आणि तिच्याबद्दलही दोघांचं एकमत होतं. लाल.

मग एका सकाळी तिने लिंक नव्याकडे वळवली. त्या दिवशी एक कोठी उघडली. दुसऱ्या दिवशी दोन उघडल्या. मामा आत गेले, वर चढले, खाली आले, हात केला. मॅनेजर तिला भाची म्हणाले.

कोपऱ्यातल्या कोठीची पाळी त्यानंतर आली.

पंखे ठरल्याप्रमाणे चालले होते. बाहेर ट्रकांची रांग लागली होती, कारण या कोठीतलं धान्य जहाजावर जायचं होतं आणि जहाज धक्क्यावर उभं होतं. मुकादमाची टोळी दारासमोरच्या सावलीत बसली होती. दिवा लाल होता. वाट बघून मुकादमाने कार्यालयात फोन केला, कार्यालयाने भाचीला. तिने पाहिलं तर त्या कोठीपुरता प्रोग्राम थांबलेला होता. प्रत्येक कोठीसाठी तो वेगळा धावायचा, त्यामुळे बाकीचे दिवे ठीक होते. इथे मात्र तो सुरू व्हायचा, दोन पावलं जायचा आणि एरर देऊन पडायचा. पुन्हा सुरू केला, पुन्हा पडला.

एरर एका ओळीची होती. या दोन प्रकारच्या गोष्टींची तुलना करता येत नाही, असं ती म्हणत होती. भाचीने ती वाचली आणि तिच्या मनात जे आलं ते तिच्या जागी असलेल्या कुणाच्याही मनात आलं असतं. आपल्याकडूनच एखादी ओळ सुधारायची राहिली, असं तिला वाटलं. दाराजवळच्या यंत्राचा आकडा तिने बघितला, मर्यादेच्या बऱ्याच खाली होता. मधल्याचा बघितला, तोही खाली. म्हणजे कोठी मोकळी आहे आणि अडून बसलंय ते माझंच काम, असा तिने निष्कर्ष काढला आणि सुधारायची राहिलेली ओळ शोधू लागली.

तेवढ्यात मॅनेजर आले. ते खोलीत कधी येत नसत. ते दाराशी उभे राहिले आणि अजिबात आवाज न चढवता बोलले. जहाज थांबत नाही, मॅडम, असं म्हणाले. जुनं होतं तेव्हा ही कोठी कधी अडली नव्हती. तपासनीस परत यायला अवकाश आहे. तोपर्यंत काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच मला सांगितलं होतं, एका मिनिटाचं काम.

तिने थोडा वेळ मागितला. किती, असं त्यांनी विचारलं.

तिने लिंक जुन्याकडे वळवली.

जुन्या प्रोग्रामने तिन्ही आकडे वाचले, काहीही तक्रार केली नाही आणि कोपऱ्यातल्या कोठीचा दिवा हिरवा केला. मॅनेजरनी पडद्यावरचा हिरवा ठिपका बघितला, "बघा," एवढंच म्हणाले आणि गेले.

भाची चिडली होती, पण स्वतःवर. तपासनिसाला कळवायचं तर कारण लिहावं लागेल म्हणून तिने एरर पुन्हा समोर घेतली आणि या वेळी नीट वाचली. कुठल्या दोन गोष्टींची तुलना होत नव्हती, ते त्याच ओळीत लिहिलेलं होतं. एका बाजूला मर्यादेचा आकडा होता. दुसऱ्या बाजूला आकडा नव्हताच. शून्यही नव्हतं. त्या भाषेत, जिथे काही आलंच नाही तिथे ठेवायची एक खूण असते, ती तिथे होती. सज्जावरच्या तिसऱ्या यंत्राकडून काहीच येत नव्हतं.

मग जुन्याला आत्ता काय दिसलं?

जुन्या व्हर्जनला थेट प्रश्न विचारता येतो. तिने तो टाइप केला. हे "काहीच नाही" मर्यादेपेक्षा कमी आहे का?

जुन्याने लगेच उत्तर दिलं. हो, कमी आहे.

तिने मर्यादा शून्यावर आणून विचारलं. हो. शून्याच्याही खाली नेऊन विचारलं. हो. त्या जुन्या भाषेचा नियमच तसा होता. कोणत्याही आकड्यापेक्षा "काहीच नाही" कमी धरायचं. बनवणाऱ्यांना पुढे ही चूक उमगली आणि नव्या व्हर्जनमध्ये त्यांनी ती काढून टाकली. म्हणून नवं अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं नाकारत होतं. ते बिघडलेलं नव्हतं. आपल्याला माहीत नाही, एवढंच ते सांगत होतं.

आणि इतके दिवस ताडून बघितलं तेव्हा दोघांचं एकमत कसं झालं, तेही तिला तिथेच खुर्चीत कळलं. धुरी चालू असताना पहिल्याच यंत्राचा आकडा मोठा असतो. प्रोग्राम तिथेच लाल म्हणतो आणि थांबतो. तिसऱ्यापर्यंत तो जातच नाही. जातो फक्त उघडायच्या दिवशी.

तिने लिंक नव्याकडे फिरवली. पडद्यावरचा ठिपका लाल झाला, पण त्याच्या खाली छोट्या अक्षरांत दुसरं काहीतरी दिसत होतं. दार उघडं.

कोठ्यांजवळ फोन न्यायची बंदी आहे, ठिणगीच्या भीतीने. सगळ्यांचे फोन फाटकावरच्या खणांत असतात. मुकादमाचा टेलिफोन दोन कोठ्या अलीकडे, भिंतीवर आहे. तो वाजत राहिला, कुणी उचलला नाही, कारण टोळी दारासमोर उभी होती. भाची धावत सुटली. आवारात धावायलाही बंदी आहे. ट्रकवाल्याने तिला हॉर्न दिला, कुणीतरी हसून विचारलं की भाची, जहाज तुझंच आहे का.

दार अर्धं उघडं होतं. टोळी आत शिरायला सज्ज होती आणि मुकादम मामांच्या हाताची वाट बघत होता. दारावरचा दिवा लाल झालाय हे त्याच्या लक्षात आलं होतं, पण दार उघडलं की कधी कधी तसं होतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

"मास्क कुठायत?" तिने विचारलं.

मुकादमाने तिच्याकडे बघितलं. दिवे बसले त्या वर्षापासून मास्क कार्यालयाच्या कपाटात होते. हिरव्या दिव्याखाली मास्क लावणारा भित्रा ठरायचा. त्याने एकाला तिकडे पिटाळलं आणि स्वतः शिट्टी वाजवायला लागला.

भाचीने दारात उभं राहून हाक मारली. आतला अंधार पोत्यांच्या थप्प्यांनी भरलेला होता आणि वर, सज्जावर, एक झडप उघडून उजेडाची चौकट पडली होती. त्या चौकटीत मामा उभे होते. ते दुसऱ्या झडपेशी झटत होते. त्यांना वाटलं, घाई करायला सांगतायत.

"अडकलीय जरा," ते वरून म्हणाले. "आलोच."

"मामा, सोडा ते. खाली या. दिवा खोटा आहे."

ते थांबले. तिने असं कधी म्हटलं नव्हतं. घरात ती चेष्टेतसुद्धा दिव्याबद्दल काही बोलत नसे. त्यांनी झडप सोडली आणि शिडीकडे आले. शिडी उतरताना ते मध्ये एकदा थांबले, दांडीला कपाळ टेकवून. मुकादम तोंडाला फडकं बांधून आत गेला, त्याने त्यांना काखेत हात घालून बाहेर आणलं आणि टोळीने दार लोटलं.

बाहेर आल्यावर ते पायरीवर बसले आणि पाणी प्यायले. त्यांचा चेहरा नेहमीसारखा होता. टोळीतल्या एकाने म्हटलं की मामांना काही झालं नाही, त्यांच्या अंगात आता विषच वाहतंय. मामा हसले. डोकं थोडं जड आहे, म्हणाले, ते काय नेहमीचंच.

"नेहमीचं म्हणजे?" भाचीने विचारलं.

"या कोठीत होतं. वर गेलं की होतं. उंचीने होत असेल."

मुकादमही म्हणाला की या कोठीत त्याच्याही माणसांना ओकाऱ्या होतात, ते बारदानाच्या वासाचं मानतात. कार्यालयातून मास्क आले, त्यांच्याबरोबर हातात धरायचं मोजणीयंत्र आलं. मुकादमाने एक मास्क चढवला, यंत्र लांब बांबूला बांधून अर्धवट दारातून आत, वर सज्जाच्या दिशेने धरलं आणि बाहेर घेऊन सगळ्यांना दाखवलं. काटा टोकाला जाऊन टेकला होता. मामांनी तो काटा बघितला, उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसले.

रुग्णवाहिकेत ते तिच्याशी नीट बोलत होते. रुग्णालयात डॉक्टरांनी गॅसचं नाव विचारलं, ते ऐकलं आणि त्यानंतर त्यांनी मामांना विनोद करू दिला नाही. या गॅसवर उतारा नाही, असं त्यांनी भाचीला बाजूला घेऊन सांगितलं. आत्ता माणूस बरा दिसतो, त्यावरून काही ठरत नाही. फुप्फुसं नंतर भरतात. वाट बघायची.

मामी आली तेव्हा मामा ऑक्सिजन लावून टेकून बसले होते. मामीने आधी त्यांना दटावलं, मग पदराने त्यांचा घाम पुसला. मामांनी भाचीला जवळ बोलावलं आणि ते तिसरं यंत्र केव्हापासून गप्प आहे ते विचारलं. त्याच्या शेवटच्या आकड्याची तारीख तिने मघाशी पडद्यावर पाहिली होती. दोन उन्हाळे झाले होते.

मामांनी ऑक्सिजनची नळी जरा बाजूला केली.

"तात्या कुठे पडला होता, माहितीय ना?"

तात्या म्हणजे दुसऱ्या पाळीत कोठ्या उघडणारे. मागल्या हिवाळ्यात ते एका कोठीत गेले आणि हात करायला खाली आलेच नाहीत. वर गेलेल्यांना ते सज्जावर आडवे सापडले. हृदयविकार, असं ठरलं. दिवा हिरवा होता, तशी नोंद होती, त्यामुळे दुसरं काही ठरायचा प्रश्नच आला नाही. मॅनेजर स्वतः त्यांच्या घरी गेले होते आणि वय झालं होतं, असं त्यांच्या बायकोला समजावून आले होते. भाचीला हे सगळं माहीत होतं. कोठी कुठली, ते तिने कधी विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज नव्हती.

संध्याकाळच्या आत मामांना धाप लागली. आधी वाक्याच्या मध्ये, मग शब्दाच्या मध्ये. नर्सने त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि काचेपलीकडे त्यांच्या तोंडात नळी घालून यंत्र लावलं. त्यांची छाती आता यंत्राच्या लयीत वरखाली होत होती. भाची आणि मामी बाहेरच्या बाकावर बसल्या.

मॅनेजर आले ते घरच्या कपड्यांत, हळू पावलांनी. मामीसमोर ते उभेच राहिले, हात बांधून. कंपनी खर्चाचं बघेल, असं म्हणाले. डॉक्टर चांगले आहेत, असं म्हणाले. मग म्हणाले की सगळं नियमाने झालं होतं, दिवा हिरवा होता, नोंदीत आहे. या वयात शिडी चढणं म्हणजे काळजावर ताण येतोच, आपण नाही म्हटलं तरी. त्यांच्या आवाजात खरी हळहळ होती आणि वाक्यं घडीव होती. तात्यांच्या घरी ती अशाच क्रमाने बोलली गेली असणार, हे भाचीला ऐकताना जाणवलं.

मामी त्यांच्याकडे बघत नव्हती. ती भाचीकडे बघत होती.

"हिरवा होता?"

"हो," भाची म्हणाली. "मी केला होता. नवं अडलं म्हणून मी जुन्याकडे वळवलं. जुनं त्या कोठीला नेहमीच हिरवं म्हणतं, मामी. वरचं यंत्र मेलंय आणि मेलेलं यंत्र त्याला चालतं. तात्यांच्या वेळीही तेच असणार."

मामीने तिचा हात धरला होता. तिने तो सोडला नाही, पण बोटं घट्ट झाली, इतकी की भाचीला दुखलं. ही तांत्रिक बाब आहे, आत्ता इथे नको, असं मॅनेजर म्हणाले. मग एक फोन करायचा आहे असं सांगून ते वळणापलीकडे गेले.

व्हरांडा रिकामा होता आणि आवाज स्पष्ट येत होता. ते कार्यालयातल्या कारकुनाशी बोलत होते. संगणकाच्या खोलीची चावी घे, असं सांगत होते. तपासनिसाला नवं हवं होतं, नवं बसलेलं आहे. मग ते जुनं फोल्डर आता तिथे कशाला ठेवायचं? नाही, तिला विचारायची गरज नाही. कसं काढायचं ते माझ्या पुतण्याला विचार, त्याला येतं.

उठावं की बसावं हे भाचीला कळेना. काचेपलीकडे यंत्राने मामांची छाती वर उचलली, खाली सोडली.

"काय काढतायत ते?" मामीने विचारलं.

"जुनं व्हर्जन. ते गेलं की दिवा का हिरवा झाला, हे कुणाला दाखवता येणार नाही. मग फक्त नोंद राहील. हिरवा होता, एवढीच."

मामीने भाचीचा हात सोडला.

"मग इथे का बसलीयस?" ती म्हणाली. "जा ना."